पोर सांभाळण्याचा भाव

मला घासाघीस येत नाही. म्हणजे, येत नव्हती. माझं माहेर आणि सासर दोन्ही तळा तालुक्यातलं, दोन्हीकडे भातशेती आणि दोन्हीकडे एकच समजूत. कष्टाच्या माणसाने भाव सांगितला की मान हलवायची. त्यातून पैसे पाडून घेणं म्हणजे समोरच्याच्या ताटातला घास मोजणं. लावणीला आलेल्या बायकांनी मजुरी सांगितली की माझे वडील "बरं" म्हणून पुढच्या कामाला लागत. तेच वळण घेऊन मी लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी अलिबागजवळ थळला आले.

थळच्या मासळीबाजारात कोळीण भाव सांगायची आणि मी पिशवी पुढे करायची. या बायांना माझ्याबद्दल फार आदर आहे, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. नवरा म्हणायचा, "तू आणलेल्या मासळीकडे आपलं मांजरसुद्धा बघत नाही." राग माझ्या नाकावरच बसलेला असतो. अशा दिवशी नवऱ्याला नुसत्या आमटीभातावर भागवावं लागायचं आणि मासळी मी एकटी, हट्टाने, नाक मुरडत संपवायचे.

कोळीवाड्याच्या मागच्या अंगाला आमच्या दोन भाड्याच्या खोल्या आहेत. नवरा कंपनीत कंत्राटी इलेक्ट्रिशियन आहे, त्याची पाळी फिरती असते. मी अलिबागला एका खाजगी लॅबमध्ये रक्त तपासते. सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर बसलेली असतात, कोणी सुईला घाबरतं, कोणाची शीर सापडत नाही, आणि मी बोटाने चाचपत चाचपत ती शोधून काढते. शीर सापडली की मला अजूनही कैरी चोरल्यासारखा आनंद होतो. हे काम मला मनापासून आवडतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

आमची लेक झाली तेव्हा नवऱ्याचं जुनं कंत्राट संपलं होतं आणि नवं सुरू व्हायचं होतं. माझी पगारी रजा संपून बिनपगारी सुरू झाली. त्या काळात आमच्या घरात पैसा नव्हता, पण मजा फार होती. नवरा लंगोट बांधायला शिकला आणि माझ्यापेक्षा घट्ट बांधायला लागला, कारण वायरी गुंडाळायची सवय. त्याने पाळण्याला दोरी अशी लावली की ओट्याशी उभं राहून भाकरी थापता थापता पायाने झोका देता यायचा. दुपारी आम्ही तिघं जमिनीवर आडवे पडायचो आणि लेक आमच्या दोघांच्या मधून सरपटत जायची यायची. आयुष्यभर असंच चाललं तरी चालेल, असं मला वाटायचं. आणि मग आठवण यायची त्या बाकावरच्या माणसांची.

मे संपत आला आणि एकाच आठवड्यात दोघांनाही बोलावणं आलं. नवऱ्याचं कंत्राट सुरू झालं. माझ्या डॉक्टरांनी फोन करून सांगितलं, "एक तारखेला या. नाही जमलं तर तसं कळवा, तुमच्या जागी घेतलेल्या मुलीला मी पूर्ण वेळ घेऊन टाकतो." डॉक्टर वाईट माणूस नाही. त्यांनाही रक्त वेळेवर तपासून हवं असतं.

आम्ही अलिबागचं एक पाळणाघर बघून आलो. भिंतीवर जिराफ, छताला फुगे, सगळं छान होतं. तिथल्या बाईंनी फी सांगितली, मग दुधाचे वेगळे, मग सहानंतर मूल राहिलं तर दर तासाचे वेगळे. त्यात रोज लेकीला घेऊन मिनीडोर रिक्षाने जाण्यायेण्याचं भाडं धरलं तर माझा अर्ध्याहून जास्त पगार तिथेच जिरत होता. परत येताना नवरा म्हणाला, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

"कोंबडी कोणाला म्हणता?" मी विचारलं.

"अगं, म्हणायची पद्धत असते. पण सांग ना, एवढं करून उरणार काय?"

"मी उरेन," मी म्हणाले.

मिनीडोरमध्ये शेजारी बसलेल्या बाईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. नवरा बोटांवर हिशोब करायला लागला. माझी चेष्टा म्हणून नाही, तो खरोखर विचार करत होता. घराशी उतरल्यावर म्हणाला, "मग काहीतरी दुसरं शोधू." या एका वाक्यासाठी मी त्याचे पुढचे मागचे बरेच अपराध माफ केले आहेत.

दुसरं जे होतं ते तळ्यालाच होतं. सासूबाई रोज फोनवर म्हणत, "पोरीला हिकडं धाडा. शाळेत जाईस्तोवर मी सांभाळते. दूध घरचं हाय, मोकळं अंगण हाय." त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडे मुंबईला कामाला असणारी अर्धी घरं हेच करतात. शेतं आणि गुरं सोडून त्या इकडे येऊ शकत नव्हत्या, म्हणून पोरीने तिकडे जायचं. पण माझ्या नणंदेचा मुलगा असाच वाढला आहे. नणंद सणाला गावी आली की तो आजीच्या पदराआडून बघायचा आणि म्हणायचा, "पाव्हणी आली." सगळे हसायचे. नणंदही हसायची, आणि मग मागीलदारी जाऊन बराच वेळ भांडी घासत बसायची. ते मला सारखं आठवायचं. लेक इथेच राहिली पाहिजे आणि माझी नोकरीही राहिली पाहिजे, यापलीकडे मला त्या दिवसांत काही सुचत नव्हतं.

आमच्या मागच्या दाराला लागून मावशीचं घर. मावशी म्हणजे नात्यातली नाही, बाजारातल्या सगळ्याच कोळणींना आम्ही मावशी म्हणतो. हिचा मुलगा बोटीवर, मुलगी लग्न होऊन उरणला, नवरा मागेच गेलेला. बाजारात तिचा आवाज सगळ्यात मोठा होता, म्हणून मी तिच्याकडून मासळी घ्यायला घाबरायचे. पण मेअखेरीस पावसाळी बंदीसाठी बोटी किनाऱ्यावर ओढल्या की ताजी मासळी बंद. मग ती दारात बसून उन्हाळ्यात सुकवलेला जवळा आणि बोंबील विकायची, आणि बाकी वेळ कुंपणावरून माझ्या लेकीशी बोलायची. लेक तिला बघून दोन्ही हात वर करायची.

मी विचारलं, "मावशी, आम्ही दोघं कामाला गेल्यावर हिला सांभाळाल का?"

"पावसात मना काय काम हाय? सांबालीन की." लेक तिच्या मांडीवरच होती. "म्हैन्याला पाच हजार घेईन."

पाळणाघरापेक्षा कितीतरी कमी. "चालेल!" मी म्हणाले.

मावशीचा चेहरा बदलला. "चालेल?"

"चालेल, चालेल."

तिने लेकीला मांडीवरून उचललं, माझ्या हातात दिलं आणि काहीतरी पुटपुटत आत गेली. तिला आनंद झाला असणार, असं समजून मी घरी येऊन शिरा केला. सासूबाईंना फोन करून सोय झाल्याचंही कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी कुंपणाशी आली. "मना न्हाय जमाचा, बाय. दुसरी कोन बग."

माझ्या डोळ्यांपुढे डॉक्टर उभे राहिले. एक तारीख तोंडावर. मी शिऱ्याची वाटी घेऊन तिला द्यायला निघाले होते, ती तशीच हातात राहिली. "काल हो म्हणालात ना?"

"मी कवा हो म्हटलं? मी भाव सांगितला. हो तू म्हटलंस."

"मग बिघडलं कुठे?"

मावशीने पदर खोचला. "ह्ये बग. माझा समदा जलम लिलावात गेला. पयल्या बोलीला जो माल सोरतो ना, त्याच्या टोपलीत तलाशी नासलेली मासली असतं. चांगला माल हाय त्यो मानूस वाद घालतो, हात झटकतो, उठून जातो. तू तं पोर एका शब्दात हवाली केलंस. पोरीला कायतरी हाय. फेफरं येतं कं? का रातभर रडतं?"

आता मला राग आला. नेहमीचा नव्हे, आतून आला. "माझ्या लेकीत खोट? अहो, शेजारी राहता ना तुम्ही? रात्री कधी आवाज ऐकलात तिचा? आणि पाच हजार कशाचे हो? दुपारी दोन तास झोपते, पेज दिली की पेज खाते, मऊ भात दिला की भात खाते. असं पोर सांभाळायला पाच हजार? अडीच देईन मी, अडीच! वर एक पैसा नाही!"

मी थांबले आणि घाबरले. आता ही मला कुंपणापलीकडे फेकून देणार, असं वाटलं. पण मावशीच्या तोंडावर हळूहळू हसू पसरत होतं. तिने आत जाऊन पाट आणला, पदराने पुसला आणि माझ्यासाठी मांडला.

"आता बोललीस," ती म्हणाली. "बस. पोर आन हिकडं."

त्यानंतर जे झालं तसं माझ्या माहेरच्या माणसांनी कधी पाहिलं नसेल. मावशीने लेकीला पायावर घेतलं. डोळ्यांत बघितलं, कानामागे बघितलं, मांडीला हलका चिमटा काढला. लेक खुदकन हसली.

"जड हाय," मावशी म्हणाली. "माझी कंबर दुखतं. साडेचार."

"जड म्हणजे तब्येतीची आहे. हलकी असती तर म्हणाला असतात आजारी आहे. पावणेतीन."

"दात येतील आता. चावल मना."

"दात आलेत दोन, आणि ती फक्त बापाला चावते."

"सव्वाचार. कवा तुजी गारी येयाची नि कवा तू."

"तीन. तुमच्या दारात पोर बसलं की गिऱ्हाईक थांबेल. तुमचाच जवळा खपेल."

हे मला कुठून सुचलं, देव जाणे. मावशीने माझ्याकडे नीट बघितलं. मग ती एकदम उठली आणि चूल पेटवायला आत निघाली. मी बसून राहिले. तिने उंबऱ्यातून मागे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगो, मी उठले का तू पन उठाचा! पोर घेयाचा नि दारापतुर जायाचा. बसून काय ऱ्हातंस?"

मी लेकीला उचलून कुंपणापर्यंत गेले.

"ए बाय, ये हिकडं," मावशी ओरडली. "चार."

"साडेतीन."

पावणेचारला भाव तुटला, सौदा ठरला. माझ्या पाठीतून घाम निघाला होता. मला वाटलं, झालं एकदाचं. पण मावशी पाय पसरून बसली होती. "नि वर काय मागशील?"

"वर म्हणजे?"

"कवा मासली घेतलंस न्हाय कं? वाटा घेतला का वर दोन बोंबील मागाचं. न्हाय मागितलं तं इकनारीला रुखरुख लागतं, का गिऱ्हाईक नाराज गेलं."

तेव्हा मला कळलं, की एवढी वर्षं मी या बाजारातल्या बायांना रुखरुख लावत आले होते. मी विचार करून म्हणाले, "माझी गाडी उशिरा आली तर त्या वेळेचे वेगळे पैसे नाहीत."

"ह्ये वर न्हाय. गारी काय तू चालवतंस? दुसरं माग."

"मग रोज तेल लावून आंघोळ घाला."

"हां," मावशी म्हणाली. मी आगाऊ म्हणून एक नोट दिली. तिने ती बोहनीसारखी कपाळाला लावली, मग लेकीच्या कपाळाला लावली आणि कनवटीला खोचली. शिऱ्याची वाटीही ठेवून घेतली.

एक तारखेला मी कामावर गेले. पहिल्या दिवशी बाकावरच्या एका आजोबांची शीर शोधताना माझे डोळे भरून आले. ते म्हणाले, "बाई, दुखतंय मला आणि रडताय तुम्ही?" पण दुपारपर्यंत मी सावरले होते. संध्याकाळी घरी आले तेव्हा लेक मावशीच्या दारात, वाळलेल्या बोंबलांच्या बाजूला, तेलाने चकाकत बसली होती. मला बघून तिने हात वर केले आणि मी चपलेसकट आत धावले.

ते पावसाळ्याचे दिवस फार सुखाचे गेले. किनाऱ्यावर ओढलेल्या बोटींवर झावळ्या टाकलेल्या असायच्या. मावशी लेकीला कडेवर घेऊन तिथे जायची, माणसं जाळी विणत बसलेली असायची आणि लेक बोटीच्या पोटाखाली कोरड्यात बसून जाळ्याच्या बुचांशी खेळायची. तिच्या केसांना खोबरेलाचा आणि सुक्या जवळ्याचा मिळून एक वास यायचा. मी रात्री त्यात नाक खुपसून झोपायचे. नवऱ्याची पाळी लवकर सुटली तर तोही घरी न जाता आधी मावशीच्या दारात चहा प्यायला बसायचा. बदल्यात त्याने तिच्या घरातली सगळी बटणं दुरुस्त करून दिली.

लेक बोलायला लागायची होती, पण बाजाराची सगळी भाषा तिच्या हातात उतरली होती. घास नको असला की ती हनुवटी वळवायची आणि उजवा हात असा झटकायची, की बघणाऱ्याने दहा रुपये वाढवून द्यावेत. फोनवर हे बघून सासूबाई म्हणाल्या, "ही कोनाची कोळीन गं? आमची कवळी पोर कुठं गेली?" म्हणाल्या तशा, पण दर फोनला "तो हात कर बघू" असं लेकीला सांगायच्या. मीही सुधारत होते. बाजारात सुकट घेताना उठून जायला शिकले, वर मागायला शिकले. बंदीतही खाडीची मासळी थोडीफार यायची. ती मी आणली की आमचं मांजर दारातच वाट बघत बसायचं. नवऱ्याने हे बघितलं आणि शहाण्या माणसासारखं आपलं ताट पुढे केलं.

श्रावण लागला आणि मावशीने माळ्यावरून टोपल्या काढल्या. कोयत्याला धार लावून घेतली. मी बघून न बघितल्यासारखं केलं. आमच्याकडे बंदी उठली तरी समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय बोटी जात नाहीत. पण नारळी पौर्णिमा झाली की बोटी जाणार, मासळी येणार, आणि मावशी पहाटेच बाजारात जाऊन बसणार. "पावसात मना काय काम हाय" असं ती पहिल्याच दिवशी बोलली होती. मीच त्यातला पाऊस ऐकला नव्हता. तिकडे तळ्याला सासूबाईंनी पाळणा पुसून ठेवला होता.

एका संध्याकाळी मी धीर करून गेले. "मावशी, पाच देते. पुरे पाच. नाहीतर सहा."

"गप बस," मावशी म्हणाली. "घाबरलेल्या मानसाशी मी धंदा करीत न्हाय."

"मग काय करू मी?"

"म्हैन्याला धा दिलंस तरी मना न्हाय जमाचा, बाय. बाजारात माझा पाट हाय. आयेचा व्हता, आता माझा हाय. दोन म्हैने झालं, कोनाशी धड भांडान न्हाय, कोन हाक मारीत न्हाय. घरात बसून मी मेल्यासारखी होतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुज्याशी भांडाला मजा येतं, पन तू अजून शिकतंस."

मला रागवायचं होतं. रागाची सगळी तयारी करूनच मी गेले होते. पण मिनीडोरमध्ये मी नवऱ्याला जे म्हणाले होते तेच ही बाई मला सांगत होती. माझ्या लेकीसाठी मी माझा बाक सोडायला तयार नव्हते, तिने तिचा पाट का सोडावा? मी म्हणाले, "नका सोडू धंदा. तुम्ही बाजारात नसलात तर मलाही करमणार नाही." आणि हे म्हणताना मला रडू आलं, कारण ते खरं होतं आणि महागात पडणारं होतं.

मावशीने मला रडू दिलं. मग म्हणाली, "अकरा वाजंस्तोवर माझी टोपली खाली होतं. त्याच्या म्होरं मी घरीच हाय. तुना सकालीच जायाला कोन सांगतं?"

"डॉक्टर."

"मग त्याशी कर ना भाव."

डॉक्टरांशी भाव! आमच्या घरात डॉक्टरांपुढे चपला बाहेर काढून उभं राहतात. रात्री मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "कर. फार तर नाही म्हणतील. आणि नाही म्हणाले तर तू उठायचं, एवढंच लक्षात ठेव." मावशीच्या शाळेत तोही बसत होता.

दुसऱ्या दिवशी पेशंट संपल्यावर मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. "सर, मला दुपारी दोन ते सहा करा. पगार तोच."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "असं कसं शक्य आहे?"

"संध्याकाळी लॅबमध्ये कोणी नसतं. दुपारचे नमुने सकाळपर्यंत पडून राहतात. लोक रिपोर्टसाठी दुसरीकडे जातात, मी सुटल्यावर बाहेर उभी राहून बघितलंय. आणि माझ्या जागी घेतलेली मुलगी अजून अर्धा वेळ येते, तिला सकाळच हवी आहे, दुपारी आता तिचं कॉलेज सुरू झालंय."

"ते ठीक आहे. पण मग बारा ते आठ तरी थांबायला हवं. आणि पगार थोडा कमी."

"पगार तोच," मी म्हणाले. "बारा ते सात."

"नाही जमणार," डॉक्टर म्हणाले.

मी उठले. पर्स खांद्याला लावली आणि दाराकडे निघाले. मावशीच्या अंगणात कुंपण लांब होतं, इथे दार अगदीच जवळ होतं. मी मुद्दाम हळू चालले. छाती इतकी धडधडत होती की माझंच रक्त तपासावं लागलं असतं. कडीला हात लावला तेव्हा मागून आवाज आला, "अहो, थांबा. एवढं काय झालं? बारा ते आठ, पगार तोच. बस?"

"बस," मी म्हणाले. आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आणि वर?"

"वर काय?"

"नारळी पौर्णिमेची सुट्टी."

डॉक्टर हसायला लागले. सुट्टी मिळाली. मी रस्त्यातूनच सासूबाईंना फोन केला. अकरा-साडेअकरापर्यंत मी घरी, मग मावशी, आणि नवऱ्याची पाळी असेल तसा तो संध्याकाळी घेऊन येणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं झालं. पोर आईजवळच बरं. पाळण्यात आता काकड्या ठेवते."

नारळी पौर्णिमेला सगळं गाव किनाऱ्यावर होतं. बोटी रंगवलेल्या, पताका लावलेल्या, पोरं ओली चिंब, बायका दागिन्यांनी मढलेल्या. मावशीने कडक हिरवं लुगडं नेसलं होतं आणि केसांत अबोलीचा गजरा. लेक तिला बघून माझ्या कडेवरून जवळजवळ उडी मारून गेली. नारळ वाहून झाले. मावशीचा मुलगा बोटीवर चढला, आणि ती जरा वेळ बोटीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "आता अर्ध्या दिसाचा भाव बोलूया. तीन."

"वाळूत उभं राहून?"

"मंग काय हॉटेलात जाऊ? तीन."

"दीड," मी म्हणाले. आजूबाजूच्या दोन कोळणी ऐकायला सरकल्या. मी लेकीला तिच्याकडून घेतलं आणि घराकडे निघाले. तिने हाक मारली. ती निघाली, मी हाक मारली. सव्वादोनला तुटलं. बाजूच्या बायांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला एवढी फुशारकी आली म्हणून सांगू, बारावीच्या निकालालाही आली नव्हती.

"वर काय देता?" मी विचारलं.

"या टायमाला वर मी मागनार," मावशी म्हणाली. ती लेकीच्या पायाची बोटं एकेक करून ओढत होती. "ऐतवारी तुमी दोघं घरी. पोर माझ्याकडं येयाचा न्हाय. तं वर म्हनून ऐतवारी सांजच्याला पोर मना द्याचा. पैसं न्हाय त्याचं."

मी शिकलेली होते आता. पहिली बोली खालची लावायची. "महिन्यातून एक रविवार," मी म्हणाले, आणि तिच्या उत्तराची वाट बघत कंबरेवर हात ठेवले.

"चालल," मावशी म्हणाली.

मी बघतच राहिले. हात झटकला नाही, कंबर दुखली नाही, उठून निघाली नाही. "मावशी, एका शब्दात? मालात खोट आहे की काय?"

"मालात न्हाय," मावशी म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. "माझ्यात हाय."

मी भाव मोडला. "सगळे रविवार," मी म्हणाले. "सगळे, मावशी. सकाळी बाजार उठल्यापासून."

"बगा," मावशी त्या दोघी कोळणींना म्हणाली, "परत आपनच आपला भाव मोडला. ही न्हाय शिकाची." आणि लेकीला कडेवर घेऊन ती बोटी दाखवायला पाण्याकडे गेली.